दफ्तर म्हणजे कचेरी नव्हे

दफ्तरदार आडनावाच्या एका जिज्ञासूंनी तीन प्रश्न विचारले आहेत. आपले पूर्वज कुठल्यातरी कचेरीचे प्रमुख होते म्हणून हे आडनाव पडले, असे घरात सांगतात, ते खरे काय? शब्द 'दफ्तर' असा लिहावा की 'दप्तर'? आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात घराण्याचा शोध कोठून सुरू करावा?

घरात सांगतात ते खरे नाही. दफ्तर म्हणजे कचेरी हा अर्थ हिंदीतला आहे आणि 'मी दफ्तरात निघालो' असली वाक्ये भाषांतरित मालिकांतून सतत कानांवर आदळू लागल्यापासून तो आपल्या आडनावांवरही लादला जाऊ लागला आहे. मराठीत माणसे बसतात ती कचेरी आणि कागद राहतात ते दफ्तर. 'दफ्तरी दाखल' झालेला अर्ज कागदांत जातो, कोणाच्या खोलीत नव्हे. पेशवे दफ्तर म्हणजे पेशव्यांचे कार्यालय नसून त्यांच्या कारभाराचे कागद होत. आणि शाळकरी मूल पाठीवर घेऊन जाते ते दप्तरही कागदांचे गाठोडेच असते. तेव्हा दफ्तरदार म्हणजे कागद सांभाळणारा अधिकारी. लेखनाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. 'हफ्ता'चा जसा 'हप्ता' झाला तसाच 'दफ्तर'चा 'दप्तर' झाला. 'त'पूर्वीचा 'फ' मराठी जिभेवर असाच वळतो आणि दोन्ही रूपे रुळलेली आहेत.

खरी गोडी पुढे आहे. बहुतेक कोश या शब्दापुढे 'फा.' एवढे लिहून थांबतात, जणू फारसीपलीकडे जग नव्हते. फारसीत हा शब्द मुळात ग्रीक 'दिफ्थेरा' या शब्दापासून पोहोचला, आणि दिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, आयोनियातील (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील) ग्रीक लोक पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या, कागदालाही 'कातडी'च म्हणत, कारण पपायरस दुर्मीळ होता तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत असत. लिहिण्याचे साधन बदलले तरी त्याचे जुने नाव तसेच राहिले. इराणच्या राजदरबारातील नोंदींनाही ग्रीक लेखकांनी 'शाही कातडी' असेच म्हटले आहे. याच दिफ्थेरावरून फ्रेंच वैद्य ब्रेतोनो याने 1826 मध्ये घटसर्पाचे, म्हणजे डिफ्थेरियाचे, नाव बेतले, कारण त्या रोगात घशावर चामड्यासारखा पापुद्रा धरतो. दफ्तरदार आडनाव आणि डिफ्थेरिया हा रोग यांचे मूळ एकच आहे, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगितली तरी पुरेशी वाटत नाही.

येथे काही विद्वान 'दफ्तर' आणि 'डबीर' एकाच मुळाचे ठरवतात. ते मला मुळीच मान्य नाही. डबीर, म्हणजे लेखक, हा प्राचीन इराणी 'दिपि' या शब्दाच्या कुळातला आहे. शाहबाजगढीच्या शिलालेखात अशोकाने आपल्या धर्मलेखाला 'दिपि' म्हटले आहे आणि आपली 'लिपी' तिचीच बहीण आहे. हे कूळ मातीच्या पाटीवरून आले, दफ्तर कातड्यावरून आले. ध्वनी जवळचे दिसले म्हणून ज्यांचे लेखनसाहित्यच वेगळे, असे दोन शब्द एका दावणीला बांधणे ही व्युत्पत्ती नव्हे. शिवाजी महाराजांच्या काळात डबीराचा 'सुमंत' झाला. दफ्तराला मात्र असा टिकाऊ संस्कृत पर्याय मिळाला नाही, यावरूनही तो शब्द किती खोल मुरला होता ते दिसते.

आता शोधाविषयी. मराठी कारभारातील आठ दरकदारांची, म्हणजे ठरलेल्या हुद्द्यांवरील अधिकाऱ्यांची, जी यादी न्यायमूर्ती रानडे देतात तीत दिवाण, मुजुमदार, फडणीस यांच्यानंतर 'सबनीस अथवा दफ्तरदार' असा उल्लेख आहे. म्हणजे तुमचाच पूर्वज एका कागदात सबनीस आणि दुसऱ्यात दफ्तरदार असा भेटू शकतो. त्याहून महत्त्वाचे हे की, हे हुद्द्याचे नाव आहे, कुळाचे नव्हे. नाना फडणीसांचे मूळ आडनाव भानू आणि मूळ गाव वेळास. कागदोपत्री ते 'बाळाजी जनार्दन' असेच येतात. त्यामुळे 'दफ्तरदार' हा शब्द धरून रुमालामागून रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) सोडणारा संशोधक निरनिराळ्या घराण्यांचे दफ्तरदार एका वंशावळीत गोवून बसतो. आधी मूळ आडनाव, मूळ गाव आणि निदान दोन पिढ्यांची नावे घरातून निश्चित करावीत. कुळाचार, कुलदैवत आणि जुनी खरेदीखते यांतून ती बहुधा निघतात.

मग मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या जलद लिपीत लिहिलेले असतात ती. मोडीत आधी सलग शिरोरेघ ओढलेली असते, शब्द तोडलेले नसतात आणि ह्रस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून नाव कोठे संपते आणि हुद्दा कोठे सुरू होतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. नावांच्या मध्ये 'बिन' आला तर तो 'चा मुलगा' असा वाचावा. त्याला 'शिवाय' या अर्थाचा 'बिन' समजून बापाचे नावच गाळलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. इनामाचा किंवा वतनाचा संबंध असेल तर 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी मंडळाने) घेतलेल्या कैफियती, म्हणजे लेखी निवेदने, आधी मागाव्यात, कारण हक्क सिद्ध करण्यासाठी घराण्यांनी तेथे आपला वंशक्रम स्वतःच लिहून दिलेला असतो आणि हुद्द्यामागे दडलेले मूळ आडनाव तेथे मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.