पिरानेसीचं कोलोसियम ‘1776 चं अस्सल’ म्हणून विकायला आहे, घ्यावं का?

आकाशातून पाहिल्यासारखं कोलोसियम, खाली जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन मुद्राचित्रकाराचं नाव, आणि विक्रेता 1776 सांगतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक लक्षात घ्या: 1776 हे ज्या तांब्याच्या प्लेटवरून चित्र छापतात ती तयार झाल्याचं साल आहे, तुमच्या हातातला कागद छापल्याचं नाही. पिरानेसी नोव्हेंबर 1778 मध्ये गेला, म्हणजे या दृश्याचे त्याच्या हयातीतले ठसे, म्हणजे प्लेटवरून छापलेल्या प्रती, जेमतेम दोन-अडीच वर्षांतले. तांब्याच्या प्लेटा मात्र पुढे शंभरावर वर्षं चालल्या. पिरानेसीच्या मुलांनी त्या पॅरिसला नेऊन 1800 पासून छापल्या, 1835 ते 1839 मध्ये फिर्मँ-दिदो या प्रकाशकानं छापल्या, नंतर पोपच्या सरकारनं विकत घेऊन रोमच्या सरकारी छापखान्यात आणल्या, आणि तिथेही छपाई होत राहिली. हे सगळे ठसे मूळ प्लेटचेच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

फ्रेम उघडून दाखवायला सांगा. काचेआडून काहीच कळत नाही.

दहापट भिंगातून आकाशाच्या बारीक रेषा बघा. सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती ऑफसेट छपाई, विषय संपला. पिरानेसीची पद्धत एचिंगची, म्हणजे आम्लानं प्लेटवर रेषा कोरून छापण्याची; तीत शाई प्लेटच्या चरांतून कागदावर उचलली जाते, त्यामुळे तिरप्या उजेडात गडद रेषा किंचित उंच दिसतात. चित्राभोवती प्लेटच्या दाबाची कडही हवी. मात्र कोरी प्लेट दाबून तीही नकली करता येते, म्हणून नुसत्या कडेवर भिस्त ठेवू नका. कडेचं माप पिरानेसीच्या प्रिंटांच्या सूचीत दिलेल्या मापापेक्षा काही मिलिमीटर कमी भरलं तर घाबरू नका. कागद ओला करून छापतात, तो वाळताना आकसतो.

आता ठसा कोणत्या काळातला, हे कागद सांगतो. उजेडासमोर धरा. रोममधल्या सुरुवातीच्या ठशांचा कागद हातकागद असतो, त्यात साच्याच्या तारांच्या उभ्या-आडव्या रेषा आणि बऱ्याचदा वॉटरमार्क दिसतो. रेषा अजिबात नसलेला एकसारखा, जाड कागद बहुधा एकोणिसाव्या शतकातला. वरच्या कोपऱ्यात मोठा आकडा छापलेला असेल तर पॅरिसची किंवा त्यानंतरची आवृत्ती समजायला हरकत नाही. दुसरी खूण झिजेची: उथळ रेषा आधी जातात, म्हणून उशिराच्या ठशात आकाश आणि दूरचे तपशील पुसट, तर जवळच्या सावल्या काळ्याकुट्ट.

मधोमध घडी असेल तर तो दोष मानू नका, ही प्रिंटं मोठ्या पुस्तकांत बांधलेली असायची. प्लेटच्या कडेच्या आत कापलेलं, पुठ्ठ्याला चिकटवलेलं किंवा ब्लीच करून पांढरंफट्ट केलेलं प्रिंट मात्र मी स्वस्तातही घेणार नाही.

पैसे देण्याआधी बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: पिरानेसीच्या रोमच्या दृश्यांची सूची करणाऱ्या हाइंडच्या यादीतला क्रमांक (या दृश्याचा 126), आवृत्ती आणि कागदाचा प्रकार. आवृत्ती लिहायला विक्रेता तयार नसेल तर उशिराच्या ठशाचीच किंमत द्या.