ऑफिसातल्या तीस कॉम्प्युटरवर आउटलुकचं ॲड-इन टाकलं, पण अर्ध्या लोकांना ते दिसतच नाही. काय चुकलं असेल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: ग्राहकांचे मेल थेट ईआरपीत (कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदवणारं ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडायचा छोटा प्रोग्राम, व्हेंडरने पाठवलं. तुम्ही रविवारी एकटे बसून तीस मशीनवर ते टाकलं. सोमवारी बारा-तेरा जणांच्या आउटलुकमध्ये बटणच नाही, आणि साहेब म्हणतात, "परत टाका."

परत टाकू नका. आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू.

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांची कॉम्प्युटरची कामं बघतो आणि असा एक रविवार माझाही गेलाय. २२ मशीन होती. सेटअपवर राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', माझा ॲडमिनचा (पूर्ण अधिकार असलेल्या लॉगिनचा) पासवर्ड, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. प्रत्येक ठिकाणी 'यशस्वी' असा संदेश आला. सोमवारी साडेनऊपासून फोन वाजायला लागला. एकालाही बटण दिसेना. शेवटी वैतागून परचेसच्या मशीनवर मी माझ्या ॲडमिन लॉगिनने आत शिरलो आणि आउटलुक उघडलं, तर बटण जागच्या जागी हजर! ॲड-इन २२ मशीनवर बसलं होतं खरं, पण प्रत्येक ठिकाणी फक्त माझ्यासाठी.

त्याचं कारण असं. जुन्या पद्धतीचं ॲड-इन, ज्याला कॉम ॲड-इन म्हणतात, ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, आपली नोंद करतं. ही नोंद दोन ठिकाणी होऊ शकते. एक जागा सगळ्या मशीनची, दुसरी त्या त्या युजरची. बरेच व्हेंडर आपला सेटअप युजरच्या जागेत नोंद करणारा बनवतात, कारण एकट्या माणसाला स्वतःच्या लॅपटॉपवर टाकायला तो सोपा पडतो. आता तुम्ही दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये बसून स्वतःचा ॲडमिन पासवर्ड दिलात, की तो सेटअप तुमच्या नावाने चालतो आणि 'युजर' म्हणून तुम्हालाच धरतो. ज्याच्या खुर्चीत बसलात त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मग तुमच्याकडे अर्ध्यांना दिसतं कसं? माझा अंदाज सांगतो. ज्यांना दिसतं त्यांची लॉगिनं स्वतःच ॲडमिन असणार. त्यांच्या मशीनवर विंडोजने पासवर्ड मागितला नसेल, नुसतं 'येस की नो' विचारलं असेल. तिथे सेटअप त्यांच्याच नावाने चालला, म्हणून नोंदही त्यांच्याच जागेत झाली. ज्या मशीनवर तुम्हाला पासवर्ड टाइप करावा लागला, ती मशीन आठवून बघा. बटण नसलेल्यांची यादी आणि ही यादी जुळली, तर निम्मं कोडं सुटलं. (आणि तीस जणांच्या ऑफिसात सतरा जण ॲडमिन का आहेत, हा प्रश्न कधीतरी साहेबांपुढे काढा. आत्ता नको, आत्ता ते चिडलेले आहेत.)

यादी जुळली तर व्हेंडरकडून सगळ्या मशीनसाठी बसणारा एमएसआय (विंडोजची इन्स्टॉल फाइल) मागून घ्या. सेटअप साधा एक्सई (थेट चालणारी फाइल) असेल तर 'ऑल यूझर्स' असा पर्याय आहे का ते विचारा. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. नोंद मशीनच्या जागेत असली की साधा युजर आउटलुकच्या खिडकीतून ते ॲड-इन बंद करू शकत नाही. आमच्याकडे एक जण "मेल हळू चालतात" म्हणून दर आठवड्याला टिक काढून ठेवायचा, तोही प्रकार थांबला.

यादी जुळली नाही, तर पुढच्या तीन गोष्टी बघा. यातली एक तरी निघतेच.

पहिली, ३२ आणि ६४ बिटची भानगड. इथे विंडोज कितीचं आहे याला महत्त्व नाही, ऑफिस कितीचं आहे ते बघायचं. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं ऑफिस आरामात चालतं, आणि जुन्या मशीनवर बहुधा तेच असतं, कारण ऑफिस २०१९ येईपर्यंत सेटअप आपणहून ३२ बिटचंच टाकायचा. ३२ बिटची डीएलएल (ॲड-इनची प्रोग्राम फाइल) ६४ बिटच्या आउटलुकमध्ये लोड होत नाही, आणि उलटही तसंच. एरर येईलच असं नाही, बटण फक्त दिसत नाही. आउटलुकमध्ये फाइल, मग ऑफिस अकाउंट, मग अबाउट आउटलुक. सगळ्यात वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. तीस मशीनचा हा आकडा एका कागदावर उतरवून घ्या, हा कागद पुढेही कामाला येतो.

दुसरी गोष्ट नव्या आउटलुकची, आणि सध्या सगळ्यात जास्त घोळ हाच घालते. विंडोजसाठीचं नवं आउटलुक ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. वरच्या उजव्या कोपऱ्यात 'ट्राय द न्यू आउटलुक' असा छोटा खटका असतो. कोणीतरी उत्सुकतेने तो दाबतो आणि स्क्रीन बदलते. नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन चालतच नाहीत. थोडे चालतात, काही चालतात असंही नाही, अजिबात नाही. तिथे तुम्ही दहा वेळा सेटअप चालवलात तरी आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! खटका परत फिरवला की जुनं आउटलुक येतं आणि त्यासोबत बटणही. तो खटकाच लपवायचा असेल तर युजरच्या जागेत रजिस्ट्रीची एक नोंद असते. नाव 'हाइड न्यू आउटलुक टॉगल', सगळे शब्द जोडून, आणि किंमत १. मी सगळीकडे ती करून ठेवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आउटलुक स्वतःच ॲड-इनला हाकलतं. उघडताना प्रत्येक ॲड-इनने किती वेळ खाल्ला हे ते मोजत असतं. लागोपाठ पाच वेळा उघडताना लागलेल्या वेळांपैकी मधला आकडा (मध्यक) १००० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या वर गेला, की ते ॲड-इन बंद करून टाकतं. वरती एक पट्टी येते, पण ती वाचतो कोण? जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर एक सेकंद म्हणजे काहीच नाही. म्हणून एसएसडी असलेल्यांचं बटण टिकतं आणि स्टोअरमधल्या जुन्या डब्यावरचं आठवडाभरात गायब होतं. तुमच्याकडे पहिल्याच सकाळी गेलंय, त्यामुळे हे कारण असण्याची शक्यता मला कमी वाटते. पण आता सगळं सुरळीत झालं आणि दहा दिवसांनी परत तक्रार आली, तर आधी इथेच बघा. फाइल मेनूत 'स्लो अँड डिसेबल्ड कॉम ॲड-इन्स' दिसेल, त्यात 'ऑल्वेज एनेबल' करा. डोमेन (सगळी मशीन एका सर्व्हरखाली) असेल तर ग्रुप पॉलिसीत (तिथून सगळ्यांना एकदम नियम लावायची सोय) ऑफिसचे टेम्प्लेट टाकून 'लिस्ट ऑफ मॅनेज्ड ॲड-इन्स' मध्ये त्या ॲड-इनचं नाव नोंदवता येतं. मग आउटलुक त्याला हात लावत नाही.

एका मशीनवर तपास करायचा असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या पानावर जा. खाली 'मॅनेज' पुढे 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. यादीत नावच नसेल तर नोंद झालेली नाही, म्हणजे वरचा पासवर्डाचा किंवा बिटचा मामला. नाव आहे पण टिक नाही, तर आउटलुकने किंवा माणसाने बंद केलंय. टिक मारूनही राहत नसेल तर खाली 'लोड बिहेवियर' या ओळीत 'लोड होताना एरर आली' असं काहीतरी लिहिलेलं असतं. रजिस्ट्रीत याच नावाची किंमत ३ असेल तर ठीक, २ झाली असेल तर आउटलुकने ते सोडून दिलंय. तिथे नुसते २ चे ३ करून पळ काढू नका, कारण शोधा. दुसऱ्या सकाळी परत २ झालेले असतात.

हे सगळं झालं कॉम ॲड-इनचं. आता दुसरी जात.

व्हेंडरने तुम्हाला सेटअपऐवजी छोटी एक्सएमएल फाइल किंवा नुसती लिंक पाठवली असेल, तर ते वेब ॲड-इन आहे. हे ऑफिस २०१३ पासून आलं. ते मशीनमध्ये राहतच नाही, मेलबॉक्समध्ये राहतं. माणूस दुसऱ्या मशीनवर बसला, ब्राउझरमध्ये मेल उघडला, तरी बटण त्याच्या मागोमाग येतं. नव्या आउटलुकमध्येही हेच चालतं. तीस मशीनकडे जायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲडमिन सेंटरमध्ये सेटिंग्ज, मग इंटिग्रेटेड ॲप्स, तिथे फाइल चढवायची आणि कोणाला द्यायचं ते निवडायचं. यात दोनच गोष्टींनी मला रडवलंय. एक, दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे सकाळी देऊन दुपारी "चाललं नाही" म्हणून काढून टाकू नका, मी तसं केलं होतं. दुसरं, ग्रुपच्या आत ग्रुप चालत नाही. 'सर्व ऑफिस' नावाच्या ग्रुपमध्ये तुम्ही 'सेल्स' आणि 'स्टोअर' हे ग्रुप टाकले असतील, तर आतल्या माणसांना काहीही मिळत नाही. माणसं थेट ज्यात आहेत तोच ग्रुप द्या.

आणि इथे आपल्याकडचा खरा खड्डा येतो. छोट्या कंपन्यांचा मेल बऱ्याचदा वेबसाइटच्या होस्टिंगसोबत फुकट मिळालेला असतो आणि आउटलुकमध्ये तो पॉप किंवा आयमॅप या साध्या मेल पद्धतींनी जोडलेला असतो. वेब ॲड-इन अशा खात्यावर चालत नाही. त्याला एक्स्चेंजचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरचा, मेलबॉक्स लागतो. पाच जणांना ३६५ आणि उरलेल्यांना होस्टिंगचा मेल, अशी खिचडी मी किमान चार ठिकाणी पाहिलीय, कारण लायसनचे पैसे वाचवायचे असतात. तुमच्याकडे तसं असेल तर बटण फक्त त्या पाच जणांना दिसणार, आणि त्यावर कुठलाही सेटअप हा उपाय नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तीन मशीनवर थंडरबर्ड (आउटलुकसारखा दुसरा मेल प्रोग्राम) आहे. तिथे आउटलुकचं कुठलंच ॲड-इन चालणार नाही. व्हेंडरकडे थंडरबर्डसाठी वेगळी एक्सपीआय फाइल (त्याच्या ॲड-इनची फाइल) असेल तरच. नसेल तर त्या तिघांना यादीतून काढा आणि साहेबांना तसं आधीच सांगून टाका.

आता परत टाकायची वेळ येईल तेव्हा एकदम तीस मशीन घेऊ नका. चार घ्या, आणि ती चारही वेगवेगळी: एक जुनं, एक नवं, एक ॲडमिन नसलेल्या माणसाचं, आणि एक अकाउंट्सच्या बाईंचं, जिथे पंधरा वर्षांचा मेल साठलेला असतो. त्यांच्याकडे चाललं तर कुठेही चालेल. टाकण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये आउटलुक खरंच बंद आहे का बघा, खिडकी मिटली तरी ते मागे चालू राहतं. ग्रुप पॉलिसीने एमएसआय पाठवणार असाल तर लोकांना 'शट डाउन करून चालू करा' असं सांगू नका, 'रीस्टार्ट करा' असं सांगा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन पूर्ण होत नाही आणि सुरुवातीला चालायचा सेटअप चालतच नाही. या एका शब्दाच्या फरकाने माझे दोन दिवस गेलेत. डोमेन नसेल, मशीनवर होम आवृत्ती असेल, तर पेन ड्राइव्ह आणि एक बॅच फाइल (आदेश एकामागून एक चालवणारी), त्याला इलाज नाही. पण मग सेटअप मशीनसाठीचाच हवा.

ॲड-इन टाकल्यावर आउटलुकच सतत बंद पडायला लागलं, तर कंट्रोल बटण दाबून धरून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का असं विचारतं. तिथे ॲड-इन लोड होत नाहीत, त्यामुळे बंद करता येतं.

व्हेंडरला आत्ताच दोन प्रश्न विचारून ठेवा. वेब ॲड-इन आहे का, नसेल तर कधी येणार? जुनं आउटलुक किमान २०२९ पर्यंत सांभाळू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, त्यामुळे घाई नाही, पण उत्तर लेखी घ्या. दुसरा प्रश्न, ॲड-इनला किती परवानगी लागते? वेब ॲड-इनच्या फाइलमध्ये ती लिहिलेली असते. उघडलेला एकच मेल वाचायची परवानगी वेगळी, आणि अख्खा मेलबॉक्स वाचायची-लिहायची वेगळी. मेल ईआरपीत नोंदवायला अख्खा मेलबॉक्स लागतोच का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पगाराचे मेलही त्याच डब्यात असतात.

आणि चाचणी करताना मराठी नावाची एक फाइल नक्की जोडून बघा. आमच्याकडे सगळं जमलं, लोक खूश झाले, आणि चौथ्या दिवशी डिस्पॅचचा मुलगा आला. 'दरपत्रक जून' नावाची पीडीएफ ईआरपीत नुसती प्रश्नचिन्हं होऊन पडली होती. ॲड-इन जुन्या धाटणीचं, युनिकोड (सगळ्या लिप्यांची एकच अक्षरपद्धत) न जाणणारं. विंडोजमध्ये देवनागरीसाठी युनिकोडशिवाय दुसरी सोयच नाही, त्यामुळे रीजन सेटिंगमध्ये भाषा बदलूनही फरक पडला नाही. व्हेंडरने नवी आवृत्ती द्यायला दोन महिने लावले. तोवर तो मुलगा सगळ्या फाइलींना इंग्रजी नावं देत बसायचा, आणि रोज सकाळी मला "सर, आलं का?" असं विचारायचा.