युरोपातल्या सगळ्या भाषांची ब्रेल एकच असते का? जर्मन-फ्रेंचमधली खास अक्षरं कशी लिहितात?

मी ब्रेल वाचते आणि मराठी, इंग्रजीनंतर जर्मन शिकले, म्हणून लिहिते आहे. साधी रोमन अक्षरं या भाषांत सारखीच असतात. फरक त्यापुढे आहे.

सहा टिंबांतून फक्त ६३ आकृत्या होतात (डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६). अक्षरांना लागतात तेवढ्या सोडल्या की उरलेल्या प्रत्येक भाषेनं आपापल्या गरजेप्रमाणे वाटून घेतल्या. ही लिपी तयार करणारा लुई ब्रेल फ्रेंच. १८२९च्या त्याच्या पुस्तकात स्वरचिन्हं असलेल्या फ्रेंच अक्षरांना स्वतंत्र आकृत्या आहेत. फ्रेंचला तेव्हा डब्ल्यूची गरज नव्हती. म्हणूनच व्ही, एक्स, वाय, झेड ओळीनं एकाच नियमात बसतात आणि डब्ल्यू त्या रांगेबाहेर राहतो.

आता २, ३, ४, ६ ही टिंबं घ्या. फ्रेंचमध्ये तो डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ई' (è) असतो, जर्मनमध्ये 'एस्त्सेट' (ß हे जर्मन अक्षर) आणि संक्षिप्त इंग्रजीत, म्हणजे जोड्या आणि शब्द आखडून लिहिलेल्या ब्रेलमध्ये, 'द' हा अख्खा शब्द! १, ५, ६चंही तसंच. जर्मन तिथे एस-सी-एच ही तीन अक्षरं एका घरात (सहा टिंबांच्या एका जागेत) बसवते, तर इंग्रजी डब्ल्यू-एच. ब्रेलची पुस्तकं फार जाड होतात आणि बोटाला एकेक घर चाचपत जावं लागतं, त्यामुळे अशी बचत मोलाची ठरते.

पण जोडी दिसली की लावली, असं चालत नाही. इंग्रजी 'पॉटहोल'मध्ये टी आणि एच शेजारी आले तरी ते दोन वेगळ्या शब्दांचे आहेत, म्हणून तिथे 'टीएच'ची आकृती वापरत नाहीत. हा नियम मला फार आवडतो, कारण त्यात वाचणाऱ्याचा विचार आहे.

आपल्या भारती ब्रेलनं (भारतीय भाषांसाठीची ब्रेल) १९५१च्या सुमारास याच इंग्रजी जोड्या उचलल्या. 'टीएच'चा थ झाला, 'एसएच'चा श, 'जीएच'चा घ, 'सीएच'चा छ. 'ओडब्ल्यू'ची आकृती औ म्हणून आली. ळला ४, ५, ६ मिळाली.

तुम्ही ब्रेल डिस्प्लेवर (संगणकावरचा मजकूर टिंबांत उमटवणारं उपकरण) जर्मन वाचणार असाल तर स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचा मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर) आधी जर्मनचं ब्रेल टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठली टिंबं हे ठरवणारी यादी, निवडा. संक्षिप्त इंग्रजीचं राहिलं तर अक्षरांच्या भलत्याच जोड्या बोटाखाली येतील आणि मजकूर चुकलाय असं वाटेल. सुरुवातीला संक्षेप नसलेलं टेबल घ्या, म्हणजे शब्दांची स्पेलिंग पक्की होतील.