बाबांचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे, त्यांच्याशी आता काय बोलू?
ताई, सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा. "काही होत नाही, बरे व्हाल" असं म्हणू नका. त्यांना कळलेलं असतं, मग ते मनातलं बोलायचंच सोडतात. त्यापेक्षा "कशाची काळजी वाटते?" विचारा आणि गप्प बसा. उत्तराला वेळ लागतो. माझ्या आईने बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "तुळशीला पाणी कोण घालेल?" मी "मी घालीन" म्हटलं, तेव्हा तिने माझं बोट घट्ट धरलं.

दुसरं, शुद्ध हरपली तरी उशाशी खर्चाची, वाटणीची कुजबुज नको. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या २०२० च्या अभ्यासात प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदूही आवाज टिपत होते. स्वतःचं नाव सांगून हात धरा, नातवंडांचं सांगा. रडू आलं तर येऊ द्या.