दोघांचं ऑफिस घरून आणि लहान मुलांची शाळाही घरून: हे एकाच वेळी कसं जमवायचं?

प्रश्न वाचला. मुलगी पहिलीत, धाकटा चार वर्षांचा, शाळा निदान दोन महिने ऑनलाइन. तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघंही घरून काम करता आणि सकाळची मीटिंग नेमकी मुलीच्या वर्गाच्या वेळेला येते. त्यात ‘तूच थोडे दिवस नोकरी सोड’ असं घरातून सुचवलं जातंय. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या घरीही साधारण हीच वयं होती, मुलगा पहिलीत आणि मुलगी बालवाडीत. मी हिशेब तपासणीच्या कामात आहे आणि नवऱ्याची नोकरी दिवसभर ग्राहकांच्या कॉलवर चालते. आमच्या उपयोगी पडलेलं आणि नंतर वाचनात ज्याला आधार मिळाला, ते लिहिते.

माझं मुख्य म्हणणं एवढंच की एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे मुलं असावीत. त्या वेळात त्याने ऑफिसचं काम हातात घेऊ नये आणि दुसऱ्याने मुलांकडे बघू नये. बाकी सगळं याच्याभोवती बसवायचं. ‘आठ तासांच्या नोकरीत हे कसं बसेल?’ असं तुम्ही लगेच म्हणाल, म्हणून आधी शाळेच्या तासांबद्दल बोलते.

शाळा पाच-सहा तासांची, म्हणून घरचा अभ्यासही तेवढाच, असं धरून चालू नका. वर्गातला बराच वेळ हजेरी, रांगा, वह्या काढणं-ठेवणं, एकमेकांसाठी थांबणं यात जातो. घरी एका मुलाला शिकवताना यातलं काहीच नसतं. २०२० मध्ये वेगवेगळ्या शिक्षण खात्यांनी दूरस्थ शिक्षणाच्या मर्यादा ठरवल्या, त्या बघा. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं सुचवली होती. पूर्वप्राथमिकसाठी फक्त अर्धा तास, तोही पालकांशी बोलण्यासाठी आणि त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने त्याच वर्षी पहिली-दुसरीसाठी दिवसाला एकूण ४५ ते ९० मिनिटं अभ्यास पुरेसा मानला. बालवाडीच्या खालच्या मुलांसाठी २० ते ६० मिनिटं. इतक्या लांबच्या दोन ठिकाणांचा अंदाज जवळपास सारखाच आला.

म्हणजे मुलीच्या अभ्यासासाठी तुम्हाला दिवसाचा दीड तास हवा आहे. मुलांना सांभाळण्यासाठी मात्र पूर्ण दिवस लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की पाळ्या लावता येतात.

आता पाळ्यांबद्दल. आधी दोघांनी आपापल्या आठवड्याच्या मीटिंग कागदावर उतरवा आणि अजिबात हलू न शकणाऱ्या मीटिंगवर खूण करा. बहुतेक लोकांना वाटतं तेवढ्या खुणा होत नाहीत. मग दिवसाचे दोन-अडीच तासांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव लिहा. ‘दोघं मिळून बघू’ असं एकाही तुकड्यापुढे लिहू नका. ते लिहिलं की शेवटी मुलं जिच्याकडे आधी धाव घेतात तिच्याच अंगावर तो वेळ पडतो आणि बहुतेक घरांत ती आई असते. आमच्याकडे सकाळची पाळी नवऱ्याकडे होती, कारण त्याचे कॉल दुपारनंतर वाढायचे. दुपारची माझ्याकडे होती. माझं एकाग्रतेचं काम पहाटे आणि रात्री मुलं झोपल्यावर व्हायचं. हे दमवणारं आहे, ते लपवत नाही. पण अर्धं लक्ष स्क्रीनवर आणि अर्धं मुलावर ठेवून घालवलेला पूर्ण दिवस याहून जास्त दमवतो आणि त्यात दोन्हीकडचं काम वाया जातं.

ते वाया का जातं यावर अभ्यास झालेला आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून आपण दुसऱ्याकडे वळलो की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम नीट होत नाही. नंतर २०१८ मध्ये तिने आणि तिच्या सहकारी संशोधिकेने एक सोपा उपायही मांडला. काम सोडताना आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे झटकन लिहून ठेवायचं. मला याचा फार उपयोग झाला. लॅपटॉप बंद करण्याआधी ‘तिसऱ्या शीटमधली बेरीज जुळवायची, मग मेल’ एवढी एक ओळ लिहिली की दुपारभर मी मुलांसोबत खरोखर असायचे. पाळी बदलताना नवऱ्याशीही दोन मिनिटं बोलणं व्हायचं: मुलांनी काय खाल्लं, अभ्यासाचं काय राहिलं, कोण कशावरून रुसलंय. एवढं सांगितलं नाही तर दुसरा माणूस अर्ध्या तासाने मीटिंगच्या दारात विचारायला येतो.

काम चालू असलेली खोली मुलांना कळेल अशी खूण ठेवा. चार वर्षांच्या मुलाला ‘आई कामात आहे’ हे कळत नाही, पण दारावरचं लाल कार्ड कळतं. त्या कार्डावर त्याचा विश्वास मात्र बसायला हवा. कार्ड हिरवं झालं की तुम्ही खरंच बाहेर यायचं, एक मेल पाठवून येते असं म्हणायचं नाही.

मुलीच्या वर्गशिक्षिकेशी पहिल्याच आठवड्यात बोला. तक्रारीच्या सुरात नको, सरळ माहिती द्या. मी साधारण असं लिहिलं असतं: ‘मॅडम, आम्ही दोघंही नोकरी करतो. रोजच्या दोन ऑनलाइन तासांपैकी एकाला तिच्याजवळ मोठं माणूस बसू शकेल. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा वर्कशीट मिळालं तर संध्याकाळी करून घेऊ. तिच्यासाठी सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी कोणत्या, ते सांगाल का?’ शेवटचा प्रश्न नक्की विचारा. शिक्षिकांकडे साधारण यादी असते, पण सगळं सारखंच महत्त्वाचं असतं असं त्याही मानत नाहीत. पहिलीला उत्तर बहुतेक वेळा वाचन आणि अंक असंच येतं. चित्रकलेचं प्रोजेक्ट, सणाची वेशभूषा, फोटो काढून ग्रुपवर टाकण्याचे उपक्रम वेळ असेल तर करा, नसेल तर सोडून द्या. त्याही घरी बसून शिकवतायत आणि अनेकींची स्वतःची मुलं शेजारच्या खोलीत असतात, हे लक्षात ठेवून बोललात तर सहकार्य मिळतं.

वाचन आणि अंकांचा आग्रह का धरते, तेही सांगते. ‘मुलं लवचिक असतात, काही बिघडत नाही’ असं लोक म्हणतील. ते पूर्ण खरं नाही. नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये शाळा सुमारे आठच आठवडे बंद होत्या आणि तिथे घरोघरी चांगलं इंटरनेट आहे. तरी साधारण आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या चाचण्यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की घरून शिकताना त्यांची प्रगती फारशी झालीच नाही. पालकांचं शिक्षण कमी असलेल्या घरांत नुकसान आणखी मोठं होतं. याचा अर्थ स्क्रीनसमोर बसवून हजेरी लावली म्हणजे मूल शिकतं असं नाही. रोज वीस मिनिटं तुम्ही शेजारी बसून तिला मोठ्याने वाचायला लावणं आणि पंधरा मिनिटं मणी, बटणं, काड्या घेऊन बेरीज-वजाबाकी करणं, हे एखादा ऑनलाइन तास चुकण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. ते मात्र रोज व्हायला हवं, सुट्टीच्या दिवशीही थोडं.

ऑफिसशी बोलताना अडचणी सांगत बसू नका, वेळा सांगा. ‘मुलं घरी आहेत, जरा समजून घ्या’ या वाक्याचं साहेब काही करू शकत नाहीत. ‘११ ते १.३० मी उपलब्ध नसेन, ७ ते ९ आणि रात्री काम करेन, तातडीचं असेल तर फोन करा, आठवड्याचं काम गुरुवारपर्यंत मिळेल’ याला होकार देणं त्यांना सोपं जातं. कॅलेंडरमध्ये ते तास सरळ अडवून टाका. आणि हे संभाषण दोघांनीही आपापल्या ऑफिसात करायचं. बाईने सवलत मागायची आणि पुरुषाने मात्र घरी मुलं नसल्यासारखं दाखवायचं, असं झालं तर महिन्याभरात तिची नोकरी ‘परवडत नाही’ अशी दिसू लागते, कारण सगळा तोटा तिच्याच खात्यावर पडलेला असतो.

म्हणून नोकरी सोडण्याच्या सूचनेवर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता सोडू नका. दोन महिन्यांच्या अडचणीवर पुढची कित्येक वर्षं परिणाम करणारा उपाय करू नये. आधी दोघांच्या शिल्लक रजा मोजा आणि एकदम न घेता आठवड्यातून एक-एक अर्धा दिवस आलटून पालटून घेता येतील का ते बघा. काही काळ कमी तास, कमी पगार अशी सोय मिळते का, ते लेखी विचारा. सुचवणाऱ्यांनाही शांतपणे एक प्रश्न विचारा: रोज सकाळचा दीड तास तुम्ही व्हिडिओ कॉलवर धाकट्याला गोष्टी सांगाल का? आमच्याकडे आजोबा हे आनंदाने करायचे. कॉल चालू असताना पाळीवरचं मोठं माणूस घरात असायचंच, पण तेवढा वेळ त्याचे हात मोकळे राहायचे.

खरी कसोटी धाकट्याची आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिलीतली मुलगी अर्धा तास एकटी चित्र रंगवत बसेल, चार वर्षांचा मुलगा बसणार नाही. तो ताईच्या वर्गात डोकावणार, बटणं दाबणार, मीटिंगमध्ये रडणार. त्याला आधी वेळ द्या. पाळी सुरू झाली की पहिली पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून पूर्णपणे त्याच्यासोबत खेळा. पोट भरलेलं मूल जसं जेवणाच्या ताटाकडे वळत नाही, तसं लक्ष मिळालेलं मूल थोडा वेळ तरी तुम्हाला सोडतं. मग ताईला घेऊन बसा. खेळणी तीन-चार खोक्यांत वाटून ठेवा आणि रोज एकच खोकं काढा. ताईच्या वर्गाच्या वेळेला निघणारं खोकं वेगळं असू द्या, जे एरवी त्याच्या हाती लागत नाही. पाण्याचं टब, ओली माती, चिकटपट्टी यांनी जेवढा वेळ मिळतो तेवढा महागड्या खेळण्यांनी मिळत नाही. पसारा होईल, तो संध्याकाळी सगळे मिळून आवरा.

त्याच्या स्क्रीनबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, कमी असेल तर उत्तमच. तो एक तास दिवसभर सांडू देऊ नका, दोघांचीही न हलणारी मीटिंग एकाच वेळी येते त्या वेळेसाठी राखून ठेवा. त्या दिवशी तो अपराधीपणा न बाळगता वापरा.

मुलीसाठी दोन-चार बारीक गोष्टी. झूमवर स्वतःचा चेहरा तिच्या स्क्रीनवरून लपवता येतो, तो लपवा. सतत स्वतःला बघणं हे व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण असल्याची मांडणी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये केली होती, आणि मुलं तर आरशात बघितल्यासारखी तिथेच रमतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीतून लांब बघायला लावा. हेडफोन आवाजाची मर्यादा असलेला घ्या. फोनपेक्षा लॅपटॉप बरा, कारण मान खाली जात नाही. अनम्यूट करणं, हात वर करणं आणि लिंक उघडणं या तीन गोष्टी तिला एका रविवारी शांतपणे शिकवा. पहिलीतलं मूल हे शिकतं आणि मग दर पाच मिनिटांनी हाक येत नाही. इंटरनेट अडखळत असेल तर आधी स्वतःच्या कॉलचा कॅमेरा बंद करा, तिचा नको. बाईंना ती दिसणं गरजेचं आहे, तुमच्या साहेबांना तुम्ही दिसणं तेवढं नाही.

झोपेशी तडजोड करू नका, ना तुमच्या ना मुलांच्या. सहा वर्षांच्या मुलीला रात्रीची किमान नऊ तास झोप लागते, धाकट्याला दुपारची धरून दहा तासांहून जास्त. माझं रात्रीचं काम ठरलेल्या वेळेला संपायचं, उरलं तरी. दोघांपैकी एक जण आजारी पडला की सगळ्या पाळ्या कोसळतात.

आणि काही दिवस कोसळतीलच: नेट गेलं, धाकट्याला ताप आला, दोघांनाही एकाच वेळी बोलावणं आलं. त्या दिवसासाठी वेगळी छोटी यादी आधीच करून फ्रिजवर लावा. आमच्या यादीत मुलांचं जेवण, झोपताना एक पुस्तक आणि ज्याच्या हातून सर्वांत तातडीचं काम अडलंय त्याला दोन तास, एवढंच होतं. शाळेला सकाळीच एका ओळीचा निरोप पाठवा, ‘आज जमणार नाही, उद्या करून घेऊ’. कारणं सांगत बसू नका. दुसऱ्या दिवशी त्या चुकलेल्या अभ्यासातलं फक्त वाचन आणि अंक करा, बाकीचं सोडा.