वाचक विचारतात : करड्या सुटातल्या माणसांचं दुखणं

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी कादंबऱ्यांमधल्या नोकरदारांना पगार आहे, घर आहे, गाडी आहे. मग ते एवढे नाराज का? शेवटी ते खरंच चाकोरी मोडतात का? — एक वाचक, सांगली

उत्तर : या कादंबऱ्यांमधले पैशाचे आकडे नजरेआड केले, तर नाराजीचं कारण सापडत नाही. स्लोन विल्सन यांची ‘द मॅन इन द ग्रे फ्लॅनेल सूट’ (१९५५) घ्या. टॉम रॅथला वर्षाला ७,००० डॉलर मिळतात, तरी ओढाताण संपत नाही. ४० डॉलरच्या फुलदाणीवरून नवराबायकोचं वाजतं, टॉम ती भिंतीवर आपटतो आणि भिंतीला प्रश्नचिन्हासारखी भेग पडते. ती धड बुजवून घेण्याइतकेही पैसे हाताशी राहत नाहीत.

जास्त पगाराच्या नोकरीसाठी त्याला तासाभरात आत्मवृत्त लिहायला सांगतात. ‘माझ्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे…’ हे वाक्य पुरं करायचं असतं. युद्धात आपण १७ माणसं मारली, हे टॉमला आठवतं. कागदावर मात्र तो एवढंच उतरवतो की, मी या जागेसाठी अर्ज केला आहे आणि शिकून घेतल्यावर काम बहुधा चांगलं करीन. कादंबरीतली ही सर्वांत भेदक पानं. युद्धातलं काहीच दप्तरात नोंदवण्याजोगं उरत नाही.

चाकोरी मोडण्याबद्दल म्हणाल, तर शेवटी टॉम मिळालेली ही नवी नोकरी सोडत नाही. रात्रंदिवस राबवणारी बढती नाकारून तो हलक्या कामाची जागा पत्करतो. हे त्याला परवडतं, कारण आजीची जमीन वारशाने मिळालेली असते. तिचे प्लॉट पाडून विकायचा बेत असतो. म्हणजे एकाची सुटका दुसऱ्यांच्या उपनगरी घरांवर उभी राहते. कादंबरीचा हा कच्चा दुवा आहे, आणि तो दिसला नाही तर शेवट उगाच गोड लागतो.

रिचर्ड येट्स यांच्या ‘रेव्होल्युशनरी रोड’मध्ये (१९६१) अशी सोय नाही, म्हणून माझ्या मते ती जास्त खरी. फ्रँक व्हीलर उपनगरातल्या मित्रांसोबत पेले भरून साचेबद्ध जगण्यावर तावातावाने बोलतो. इथेच बरेच वाचक फसतात आणि त्याला बंडखोर समजतात. ती तक्रारच तिथली रीत आहे. श्रोत्यांपैकी कुणाचं काही बिघडत नाही. बायको एप्रिल पॅरिसला जायचा बेत आखते, मी कमावते म्हणते. तेवढ्यात कामातलं झेंगट निस्तरायला फ्रँकने घाईत खरडलेला मजकूर वरिष्ठांना पसंत पडतो, बढतीची चाहूल लागते आणि त्याचे पाय अडखळतात. ज्या कामाला तो हसत होता, त्याच कामातली शाबासकी त्याला हवीहवीशी वाटते.

आधी विल्सन वाचा, मग येट्स. उलट क्रमाने वाचलंत, तर टॉमवर विश्वास बसणं जड जाईल.