आठवीच्या मुलांना गोलीय आरसे कसे शिकवावेत? किरणाकृती पाठ करतात आणि विसरतात.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला शिकवणी घेतो. पहिल्या दिवशी फळ्याला हातच लावत नाही. प्रत्येकाने घरून स्टीलचा डाव आणायचा. आतल्या बाजूत तोंड उलटं, मागच्या बाजूत सुलट पण चिमुकलं. दहा मिनिटं नुसता दंगा असतो, असू द्या.

मग अंतर्वक्र आरसा, म्हणजे डावाच्या आतल्या बाजूसारखा खोलगट; नाभीय अंतर (समांतर किरण आरशापासून जितक्या अंतरावर एकत्र येतात ते) १५ सेंमी. खोलीत अंधार करून मेणबत्ती आरशापासून २० सेंमीवर ठेवा आणि कागद मागेपुढे सरकवा. ६० सेंमीवर तिप्पट मोठी, उलटी ज्योत कागदावर उतरते. (आरसा किंचित तिरका धरा, नाहीतर मेणबत्तीच आड येते.) आता मेणबत्ती १० सेंमीवर आणा. कागद कुठेही न्या, काही मिळत नाही, पण आरशात डोकावलं तर ज्योत पुन्हा तिप्पटच, फक्त सुलट! दोन्ही वेळा तिप्पट, मग फरक काय? वास्तव (कागदावर उतरते ती प्रतिमा) आणि आभासी (फक्त आरशात दिसते ती) हे शब्द इथे द्या, आधी नाही. किरणाकृती त्यानंतर. तेव्हा मुलंच विचारतात की किरण नेमके कुठे भेटतात.

बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर आरशासाठी सोसायटीच्या पार्किंगच्या वळणावरचा गोल आरसा पुरेसा आहे: प्रतिमा नेहमी लहान, सुलट, आभासी, म्हणून जास्त परिसर मावतो.

आणि हो, अंतर्वक्र आरसा उन्हात मुलांच्या हाती एकटा देऊ नका. कागद पेटतो, डोळ्यांनाही धोका.